कॅथलिकांबद्दल काहीतरी ऐकलंत? खरं की खोटं ते कसं तपासायचं

कॅथलिक लोक मदर मेरीची पूजा करतात, पोप कधी चुकत नाही, पाप करा आणि फादरला सांगून मोकळे व्हा, पैसे भरले की स्वर्ग. विषय निघाला की ही चार वाक्यं ठरलेलीच. बोलणारे सगळे काही द्वेषाने बोलतात असं नाही हं, कुणी सिनेमात बघितलेलं असतं, कुणी शाळेच्या इतिहासात अर्धवट वाचलेलं असतं, आणि खरं सांगू का, चर्चला नियमित जाणारे बरेच कॅथलिकही यातलं निम्मं तसंच समजून चाललेले असतात. त्यामुळे इथे पन्नास गैरसमज आणि पन्नास उत्तरं असली यादी देत नाही, एकावन्नावा गैरसमज आला की ती यादी फुकट जाते. त्यापेक्षा तपासायचं कसं ते बघू, उदाहरणं ओघात येतीलच.

आधी हे ठरवा की विषय श्रद्धेचा आहे, नियमाचा आहे की नुसत्या भक्तीचा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. कॅथलिक जगात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकत्र नांदतात आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या सगळ्या एकच वाटतात. पहिला प्रकार म्हणजे श्रद्धेची सत्यं: देव एक पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा त्रैक्य, येशू मेलेल्यातून उठला, वगैरे. ही बदलत नाहीत, पोपलाही बदलता येत नाहीत. दुसरा प्रकार चर्चचे नियम, म्हणजे शिस्त. हे बदलू शकतात आणि बदललेही आहेत. तिसरा प्रकार भक्तीचे मार्ग, ज्याला जे भावेल ते.

फादर लोकांनी लग्न करायचं नाही, हे घ्या. दहापैकी नऊ जणांना वाटतं की हा कॅथलिक श्रद्धेचा गाभा आहे. नाही हो, हा नियम आहे. रोमच्या लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य शाखेत, तो हळूहळू घट्ट होत गेला आणि ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंची लग्नं रद्दबातलच ठरवली. पण पोपला मानणारी आणखी २३ पौर्वात्य कॅथलिक चर्चेस आहेत, त्यातल्या बऱ्याच चर्चेसमध्ये लग्न झालेला माणूस धर्मगुरू होऊ शकतो, बायकोमुलांसकट. इतकंच काय, अँग्लिकन चर्चमधून आलेल्या विवाहित पाळकांना लॅटिन चर्चमध्येही खास परवानगीने दीक्षा मिळालेली आहे. अट एवढीच की लग्न आधी, दीक्षा नंतर, उलटं चालत नाही. आणि कॅथलिक ज्याला पहिला पोप मानतात त्या पेत्राला सासू होती, बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात तिचा ताप उतरल्याचं लिहिलंय, सासू होती म्हणजे बायको होतीच की!

शुक्रवारी मांस न खाणं हाही नियमच, श्रद्धा नाही. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी यात बरीच मोकळीक दिली, आता कितीतरी ठिकाणी बिशप मंडळींनी मांसाऐवजी दुसरं काही प्रायश्चित्त चालेल असं सांगितलेलं आहे.

तिसऱ्या प्रकारात फ्रान्समधलं लूर्द, पोर्तुगालमधलं फातिमा अशी दर्शनं येतात. १८५८ साली लूर्दला, १९१७ साली फातिमाला मेरीने दर्शन दिलं असं मानणारे कोट्यवधी आहेत, चर्चनेही या दोन्ही ठिकाणच्या भक्तीला मान्यता दिलीये, पण एखाद्या कॅथलिकाने हे नाही मानलं तरी तो पूर्ण कॅथलिकच राहतो. चर्चची मान्यता म्हणजे 'यात श्रद्धेला धोका नाही, मानायचं तर माना' एवढीच. हे ऐकून भल्याभल्या आज्जी चिडतात पण ते तसंच आहे. रोझरीचंही (मण्यांच्या माळेवर म्हणायची मेरीची प्रार्थना) तेच, न म्हणणं हे पाप नाही.

मग मूळ ठिकाणी जाऊन बघा

हे आळसामुळे कुणी करत नाही, आणि खरंतर सगळ्यात सोपं हेच आहे. चर्च काय शिकवतं ते एका पुस्तकात आहे, कॅटेकिझम ऑफ द कॅथलिक चर्च, १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलं. त्यात २८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत. एवढं वाचायचा धीर नसेल तर २००५ ची छोटी आवृत्ती आहे, ५९८ प्रश्नोत्तरांची. नियम बघायचे असतील तर १९८३ चा कॅनन लॉ, १७५२ कलमं. हे सगळं व्हॅटिकनच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतं. मराठीत सगळं मिळेलच असं नाही, पण इंग्रजी बऱ्यापैकी सोपं आहे. कुणी म्हणालं 'तुमच्या चर्चमध्ये असं असं शिकवतात' तर शांतपणे परिच्छेद क्रमांक विचारायचा. अर्धे वाद तिथेच संपतात.

आणि हेही लक्षात घ्या की सगळ्या स्रोतांचं वजन सारखं नसतं. पोपने विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा, एखाद्या फादरचं प्रवचन, कुठल्या तरी संताला दिसलेलं स्वप्न, आणि जगभरच्या बिशपांच्या महासभेचा, म्हणजे परिषदेचा ठराव, या चार गोष्टी एका तराजूत घालू नका. बातमीचं शीर्षक 'पोपनी शिकवण बदलली' असं असलं तर हमखास मूळ मजकूर उघडा, बहुतेक वेळा बदललेलं काहीच नसतं.

आता मेरीचंच तपासून बघू. परिच्छेद ९७१ काढा. तिथे सरळ लिहिलंय की मेरीचा सन्मान हा खास आहे, पण देवाला जी आराधना दिली जाते त्याहून तो मुळातच वेगळा आहे. मूर्तींसाठी २१३२ बघा: मूर्तीला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. हे काही आता टीका झाली म्हणून शोधून काढलेलं उत्तर नाही, इ.स. ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेत हा फरक ठरलेला आहे. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात एपिफानियस नावाच्या बिशपने मेरीला भाकरी अर्पण करणाऱ्या काही बायकांबद्दल लिहून ठेवलंय आणि त्यांना चांगलंच झापलंय, मेरीचा मान ठेवा पण आराधना फक्त देवाची असं.

इथे एक ट्रिक सांगतो. माणूस गुडघे टेकून बसलाय, हात जोडलेत, मेणबत्ती लावलीये, यावरून काही ठरवू नका, तो तोंडाने काय म्हणतोय ते ऐका. मेरीच्या 'हेल मेरी' या प्रसिद्ध प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातून, देवदूताचं आणि मेरीची नातलग एलिझाबेथ हिचं बोलणं उचललेलं आहे. दुसऱ्या अर्ध्यात मागणं काय, तर आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर. म्हणजे तिच्याकडून काय हवंय तर तिने देवाकडे शब्द टाकावा. मिस्साबलिदान, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तर मेरीला कधीच अर्पण होत नाही, कुठल्याच संताला नाही, फक्त देवाला. आता प्रत्यक्षात काही लोकांची मेरीभक्ती इतकी उतू जाते की बघणाऱ्याला शंका येणारच, हे मान्य. पण तो त्या लोकांचा प्रश्न झाला, शिकवणीचा नाही.

मेरीबद्दलच अजून एक, निष्कलंक गर्भधारणा. जवळजवळ सगळ्यांना वाटतं की हे येशूच्या कुमारीपोटी जन्माबद्दल आहे. नाही! मेरी स्वतः तिच्या आईच्या पोटात राहिली तेव्हापासून मूळ पापापासून (आदामापासून सगळ्यांना जन्मतःच लागलेलं पाप) मुक्त होती असं ते आहे, १८५४ साली पोप पायस नववे यांनी जाहीर केलं. खात्री करायची तर कॅलेंडर बघा, हा सण ८ डिसेंबरला आणि मेरीचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला, बरोबर नऊ महिने.

गैरसमजात खरं किती आहे तेही शोधा

'हे सगळं खोटं आहे' असं म्हणून मोकळं होऊ नका, कारण बहुतेक वेळा त्यात काहीतरी खरं असतंच आणि तेवढं मान्य केल्याशिवाय समोरचा तुमचं ऐकणार नाही.

पैसे भरून स्वर्ग, हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. इंडल्जन्सच्या नावाने पैसे गोळा केले गेले का? हो, केले गेले. १५१७ च्या सुमाराला जर्मनीत टेट्झेल नावाचा धर्मगुरू रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी हेच करत फिरत होता आणि मार्टिन ल्यूथर (प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा) त्यावरूनच पेटला. यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण इंडल्जन्स म्हणजे पापाची माफी, हे तेव्हाही चर्चची शिकवण नव्हती. माफी मिळाल्यावरही पापाने जे बिघडलं, समोरच्याचं आणि आपल्या स्वतःच्या स्वभावाचं, ते बिघडलेलंच राहतं, त्याची शुद्धी बाकी असते, त्या बाकीतून चर्चने दिलेली सूट म्हणजे इंडल्जन्स. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये या धंद्यावर कोरडे ओढले आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेली सगळी इंडल्जन्सेस रद्द केली. इंडल्जन्स आजही आहे, प्रार्थना, कन्फेशन (फादरला पापं सांगणं), तीर्थयात्रा अशा अटींवर, विक्री मात्र साडेचारशे वर्षांपूर्वी बंद झाली.

परगेटरीचा (मेल्यानंतरच्या शुद्धीची अवस्था) घोळ पण यालाच चिकटलेला. ते नरक आणि स्वर्गाच्या मधलं तिसरं गाव नाही आणि मेल्यानंतर मिळणारी दुसरी संधीही नाही. परिच्छेद १०३० वाचा, तिथे पोचलेला प्रत्येक जण स्वर्गातच जाणार हे नक्की असतं, फक्त आधी शुद्धी.

बायबल वाचायला बंदी होती, हे निम्मं खरं आहे. १५६४ च्या रोमच्या नियमांप्रमाणे बोलीभाषेतलं बायबल वाचायला सामान्य माणसाला परवानगी लागायची, आणि काही प्रदेशांत त्याआधीही निर्बंध होते. पण ल्यूथरने पहिल्यांदा लोकांच्या भाषेत बायबल आणलं हे मात्र साफ चूक, त्याचा नवा करार १५२२ चा, त्याच्या आधी जर्मनमध्ये अठरा छापील आवृत्त्या निघाल्या होत्या, पहिली १४६६ ची. जुन्या चर्चमध्ये साखळीने बांधलेली बायबलं दाखवून लोक म्हणतात बघा लपवून ठेवायचे. अहो ती चोरीला जाऊ नयेत म्हणून बांधलेली असायची, हाताने लिहिलेलं एक पुस्तक म्हणजे केवढा खर्च. आणि कॅथलिकांनी पुस्तकं वाढवली असंही ऐकाल, कॅथलिक बायबलात ७३ आणि प्रोटेस्टंट बायबलात ६६ असतात म्हणून. वादातली ती सात पुस्तकं १४४२ च्या फ्लॉरेन्स परिषदेच्या यादीतही आहेत, ल्यूथर तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता.

विज्ञानाशी वैर? गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला चालला, शिक्षा झाली, चूक चर्चची होती आणि १९९२ मध्ये पोपनी ती मान्य केली. ३५९ वर्षं लागली, यावर लोक हसतात तर हसू द्या, हक्क आहे त्यांचा. पण एवढ्या एका प्रकरणावरून सगळं ठरवणाऱ्याला विचारा की जेनेटिक्सचा पाया घालणारा मेंडेल कोण होता (मठातला ऑगस्टिनियन साधू) आणि बिग बँगची कल्पना पहिल्यांदा मांडणारा लमेत्र कोण होता (बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू). उत्क्रांती मानणाऱ्या कॅथलिकाला चर्च अडवत नाही, १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी तर ती नुसत्या गृहीतकाहून जास्त आहे असं म्हटलं.

पोप आणि कन्फेशन, हे दोन जरा नीट समजून घ्या

पोप चुकत नाही म्हणजे तो पाप करत नाही, त्याचे अंदाज बरोबर येतात, तो बोलेल ते देववाणी, असं काहीच नाही. १८ जुलै १८७० ला पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जे ठरवलं ते फार मोजकं आहे. पोपने संपूर्ण चर्चचा गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीतीच्या विषयावर, सगळ्यांनी मानलंच पाहिजे असा अंतिम निर्णय जाहीर केला तर त्या निर्णयात चूक होणार नाही, बस. १८७० नंतर हा अधिकार निर्विवादपणे वापरला गेला तो एकदाच, १ नोव्हेंबर १९५० ला, मेरी देहासकट स्वर्गात घेतली गेली हे पायस बारावे यांनी जाहीर केलं तेव्हा. बाकी पोपही चुकतात, चौदाव्या शतकात जॉन बाविसावे यांनी मेलेल्या पुण्यवंतांना देवाचं दर्शन कधी होतं यावर प्रवचनांतून जे सांगितलं त्यावर एवढा गदारोळ झाला की १३३४ मध्ये मरणाच्या आधी त्यांनी ते मागे घेतलं. आणि पोप स्वतः कन्फेशनला जातात! मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांसमोर एका साध्या फादरपुढे गुडघे टेकून कन्फेशन करत होते, त्याचे फोटो आहेत, बघा.

आता कन्फेशनमध्ये आत नक्की होतं काय. तुम्ही जाता, जाळीच्या मागे किंवा समोरासमोर, क्रूसाची खूण करता, मागचं कन्फेशन कधी केलं ते सांगता, मग पापं सांगता, गोलगोल न बोलता, गंभीर असतील तर साधारण किती वेळा तेही. फादर एखादा प्रश्न विचारतात, दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता, ते हात पुढे करून क्षमेचे शब्द म्हणतात, झालं, बाहेर. सिनेमात दाखवतात तसला ड्रामा, बॅकग्राउंड म्युझिक काही नसतं, बऱ्याचदा बाहेर रांग असते आणि मागच्या माणसाला घाई असते.

पण 'पाप करा, सांगा, परत करा' हे तिथे चालत नाही. खरा पश्चात्ताप आणि परत न करण्याचा निश्चय नसेल तर फादरने शब्द उच्चारले तरी उपयोग शून्य. चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो, कुणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी धुऊन काढावी लागते, परिच्छेद १४५९ मध्ये आहे हे. पुढे करायच्या पापाची आगाऊ माफी मिळत नाही. फी नसते. आणि माफी फादर स्वतःच्या खिशातून देत नाही, देव देतो, फादर मधला. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही हे एवढं कडक आहे की कुठल्याही कारणाने थेट फोडलं तर त्या फादरचा चर्चमधून आपोआप बहिष्कार होतो आणि तो उठवायचा अधिकार रोमकडेच.

बाकीचे पटापट

दहनाला बंदी आहे असं अजूनही लोक सांगतात, १९६३ पासून नाहीये, फक्त राख उधळायची किंवा घरी वाटून ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. आत्महत्या केलेल्याला चर्चचा अंत्यविधी मिळत नाही, हेही जुनं झालं, त्याच्या मनाची अवस्था काय होती ते देवाला माहीत म्हणून चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं, २२८२ आणि २२८३ बघा. घटस्फोट झाला की चर्चमधून हाकलतात? नाही. अडचण येते ती दुसऱ्या लग्नाला, पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने टिकून असताना. आणि लग्न रद्दबातल ठरवणं म्हणजे मागच्या दाराने घटस्फोट नव्हे, ते लग्न सुरुवातीपासूनच वैध नव्हतं असा निकाल असतो. त्या लग्नातली मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत, कलम ११३७.

बाकी सगळे नरकात जाणार असं कॅथलिक मानतात, हे तर चर्चने स्वतःच खोडलंय. अमेरिकेत लिओनार्ड फीनी नावाचा एक धर्मगुरू नेमकं हेच शिकवत होता, रोमने १९४९ मध्ये पत्र लिहून त्याला चूक ठरवलं, तो ऐकेना, १९५३ मध्ये बहिष्कार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्टच म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाचा शोध घेतात त्यांचंही तारण होऊ शकतं.

पण गैरसमज दूर करायचा म्हणजे चर्चला गोडगोड करून दाखवायचं असंही नाही, काही लोक हा उलटा घोळ घालतात. कृत्रिम गर्भनिरोधन चुकीचं आहे ही शिकवण आजही आहे, १९६८ मध्ये ठामपणे परत सांगितलीये. बायकांना धर्मगुरू होता येत नाही, १९९४ मध्ये परत सांगितलंय. मिस्सामधली भाकर ही नुसतं प्रतीक नाही, खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, असं चर्च मानतं आणि 'अहो ते आपलं सिम्बॉलिक असतं' असं सांगणारा कॅथलिक स्वतःच चुकीचं सांगतोय. मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं दडपली गेली हेही गैरसमजाच्या यादीत टाकू नका, ते घडलेलं आहे. न पटलेली गोष्ट आणि चुकीची समजलेली गोष्ट या वेगळ्या ठेवा.

विचारायचं कसं

ओळखीचा कॅथलिक असेल तर 'तुम्ही लोक मूर्तीला का पुजता' असा प्रश्न नको, त्यात उत्तर आधीच ठरवलंय तुम्ही. 'तू मूर्तीसमोर उभा राहतोस तेव्हा काय करत असतोस' असं विचारा, माणूस मोकळा होतो. आणि 'चर्च काय शिकवतं' व 'तू काय मानतोस' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, उत्तरं पण बऱ्याचदा वेगवेगळी येतात!

सगळ्यात बेस्ट म्हणजे एकदा मिस्साला जाऊन या, कुणी अडवत नाही. मागच्या बाकावर बसा, लोक उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकायची सक्ती नाही, तोंडपाठ प्रार्थना येत नसतील तर गप्प राहिलं तरी चालतं. पहिल्या अर्ध्या भागात बायबलचीच वाचनं असतात, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. फक्त कम्युनियनच्या (ती भाकर घ्यायच्या) वेळी लोक रांगेत पुढे जातील तेव्हा प्रसाद समजून हात पुढे करू नका, ते फक्त तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी असतं. बसून राहा, कुणी वळूनही बघणार नाही, आणि संपल्यावर फादर बहुतेक दाराशीच भेटतात, प्रश्न तिथेच विचारून टाका.